मी बहिरी झाले तो हिवाळा

गेल्या आठवड्यात सकाळी स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या चौकटीवरून सहज बोट फिरवलं आणि बोट काळं झालं. म्हणजे आला हिवाळा. लोक हिवाळ्याला गुलाबी म्हणतात. ते लोक रायपुरात उरल्याच्या कारखान्यांच्या बाजूला राहत नसावेत. आमच्याकडे थंडी पडली की कारखान्यांचा धूर वर जायचा कंटाळा करतो, खाली उतरतो आणि न बोलावलेल्या पाहुण्यासारखा घरात मुक्कामाला येतो. दोरीवरच्या कपड्यांवर, वाळत घातलेल्या मुगवड्यांवर, झाकायच्या राहिलेल्या दुधावर, सगळीकडे बारीक काळी भुकटी. मग मी खिडक्या लावून घेते, फटींमध्ये जुन्या साड्यांच्या पट्ट्या कोंबते आणि पुढचे तीन महिने आम्ही तिघं बरणीतल्या लोणच्यासारखे आत बसतो.

यंदा पट्ट्या कोंबताना हात मध्येच थांबला. मागचा हिवाळा आठवला. तसा तो विसरले कधी होते म्हणा. त्या हिवाळ्यात माझी मुलगी प्रज्ञा सातवीत होती आणि मी बहिरी होते. कानाला काही झालं नव्हतं. कारखान्याचा भोंगा, शेजारच्या भाभींचं नळावरचं भांडण, दूध उतू जायच्या आधीची फसफस, सगळं ऐकू येत होतं. फक्त हिंदी ऐकू येत नव्हती, आणि तीही फक्त प्रज्ञाची.

हे बहिरेपण मी माहेराहून आणलं होतं. माझं माहेर पवनीचं, भंडारा जिल्ह्यातलं. त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत गेलो, तेव्हा आईनं प्रज्ञाला जवळ घेऊन विचारलं, "कोनत्या वर्गात गेली माय?" प्रज्ञा म्हणाली, "सेवन्थ में, नानी." माझ्या भावाची पोरं तोंडावर हात धरून हसली. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुयी पोट्टी काय बोलून राहिली वं, मले तं काईच समजत नाई." समजत होतं तिला सगळं. हिंदी मालिका ती एक दिवस चुकवत नाही. पण टोमणा मारायची संधीही तिनं आजवर कधी चुकवलेली नाही.

तो टोमणा मला लागला. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली बाई. चौदा वर्षांपूर्वी लग्न होऊन रायपूरला आले. सासरचे मराठीच, पण यांचे आजोबा रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आले त्याला दोन पिढ्या उलटल्या, त्यामुळे घरातल्या मराठीची खिचडी झालेली. बाजारात हिंदी, शेजारी हिंदी. रविवारी विहारात वंदना आटोपली की आमच्या मराठी बायकासुद्धा "और बताओ दीदी" वर येतात. या एवढ्या गावात माझी भाषा माझ्याशी धड बोलेल असं एकच माणूस माझ्या वाट्याला होतं, आणि ते मी स्वतः जन्माला घातलेलं होतं. तेही हातचं निसटायला लागलं तेव्हा मी घाबरले. तेव्हा त्याला मी संस्कार म्हणायचे. ती भीती होती, हे आज कबूल करते.

परत येताना भावाच्या पोरांची जुनी मराठी पुस्तकं पिशवीत घालून आणली आणि जूनमध्ये घरात नियम केला. "घरात मराठीच बोलाचं. हिंदीत बोलली तं मले ऐकू येनार नाई."

प्रज्ञाचे पप्पा हसले. "क्यूँ पोट्टीच्या मागं लागून राहिली? मी बी हिंदीत बोलतो. माहं बी ऐकनार नाई का?"

"तुमचं तसंबी कुठं ऐकते मी," मी म्हटलं.

नियम सुरुवातीला झकास चालला. "मम्मी, पानी दे," म्हटलं की मी पंख्याकडे बघायची. "आई, पाणी दे," म्हटलं की पेला हजर. दोन-तीन महिन्यांत पोरगी पुस्तकातल्यासारखी स्वच्छ मराठी बोलू लागली, माझ्यापेक्षाही शुद्ध. मी विहारात बायकांना चार-चारदा सांगितलं. मला मिशा असत्या तर पीळ दिला असता.

घरात दुसराही एक नियम होता, तो माझा नव्हता. प्रज्ञाचे पप्पा उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवतात. त्या हिवाळ्यात त्यांच्या खात्यातला एक माणूस नोकरी सोडून गेला आणि यांची रात्रपाळी दोन महिने हललीच नाही. सकाळी आठला यायचे, आंघोळ, जेवण, आणि दहा ते पाच झोप. घर दोन खोल्यांचं. एका खोलीत माणूस झोपला की दुसऱ्या खोलीनंही झोपावं लागतं. कुकर दहाच्या आत लावायचा. फोन मुका करून ठेवायचा. ब्राह्मणपाऱ्यातल्या एका दुकानातून माझ्याकडे फॉल-पिकोला साड्या येतात, तर दिवसा हातानं फॉल लावायचे आणि ते उठल्यावर पिकोचं मशीन सुरू करायचं. खिडक्या धुळीसाठी बंद, पडदे उजेडासाठी बंद, तोंडं झोपेसाठी बंद. दुपारी दोनच्या सुमाराला मला अगदी कोंडल्यासारखं व्हायचं. वाटायचं, दार उघडून पळत सुटावं, किंवा निदान एकदा मोठ्यानं शिंकावं तरी. शिंकसुद्धा मी पदरात घेत असे.

अशा घरात साडेतीनला शाळा सुटलेली मुलगी यायची. शाळाही नवी होती. सहावीपर्यंत ती आमच्या गल्लीमागच्या हिंदी शाळेत होती. त्या वर्षी शहराच्या बाजूच्या सरकारी इंग्रजी शाळेसाठी सोडतीत तिची चिठ्ठी निघाली. आम्ही गल्लीत पेढे वाटले. न्यायला-आणायला बिसाहिन दीदींची ई-रिक्षा लावली. बिसाहिन पन्नाशीची, कपाळावर हिरवं गोंदण, खणखणीत आवाजाची छत्तीसगढी बाई. रिक्षात पाच पोरं, आणि आमचं घर सगळ्यात शेवटी.

पहिले काही दिवस प्रज्ञा शाळेचं थोडंफार सांगायची. मग ते कमी होत गेलं आणि दिवाळीनंतर पार आटलं. "शाळेत काय झालं?" "काही नाही." "बाईंनी काय शिकवलं?" "धडा." आता वयच असं आहे, असं विहारातल्या एका बाईंनी सांगितलं. त्यांचा मुलगा तर दहावीपासून फक्त दाराशी बोलतो म्हणे, धाडकन. त्यांनीच मला मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात भल्यामोठ्या सोफ्यावर बसलेली एक बाई सांगत होती की मुलांना ‘शाळा कशी होती’ असं विचारू नका, नेमके प्रश्न विचारा. मी ते प्रश्न वहीत उतरवून घेतले, मराठीत भाषांतर केलं आणि दुसऱ्या दिवशी, आत हे झोपलेले म्हणून कुजबुजत, विचारायला बसले.

"आज तुले कशाचं हसू आलं?"

प्रज्ञानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला ताप आहे. "कशाचंच नाही."

"आज कोनाच्या बाजूले बसली?"

"बाकावर."

मला वाटलं, पोरगी चेष्टा करते आहे. मी हसलेसुद्धा. ते उत्तर किती खरं होतं, ते मला महिन्याभरानं कळलं.

आता आठवताना एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहते. ती शाळेतून आली की आधी मोरीत जाऊन शर्टाची कॉलर घासायची. जुना दात घासायचा ब्रश घेऊन, साबण लावून, थंडीत पांढरी पडलेली बोटं. मी म्हणायचे, पोरगी शहाणी झाली, आईचं काम हलकं करते. शर्ट दोरीवर टाकू द्यायची नाही, खोलीत पंख्याखाली वाळवायची. मी म्हणायचे, थंडीत पंखा लावून सगळ्यांना आजारी पाडतेस का. डबा रोज चाटूनपुसून रिकामा. मी म्हणायचे, चला, जेवते तरी पोटभर. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. माझ्या हातात कांकण होतं, समोर आरसाही होता आणि मी डोळे मिटून बसले होते.

एक दुपार मात्र राहून राहून आठवते. दिवाळीची सुटी संपून शाळा नुकतीच उघडली होती. ती आली ती बूट न काढताच माझ्याजवळ आली. मी खाली बसून एका जांभळ्या साडीला फॉल लावत होते.

"मम्मी, आज पता है क्या हुआ..."

मी सुईत दोरा ओवायला घेतला.

"मम्मी. सुन ना."

मी दोऱ्याचं टोक ओलं केलं, उजेडाकडे धरलं आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हटलं, "कोनी बोलून राहिलं का?"

ती उभी राहिली. तिचे ओठ हलत होते. आत कुठंतरी ती शब्द शोधत होती, एकेक उचलून बघत होती. "आई, आज शाळेत... शाळेत मुली..." मग थांबली. मी वाट पाहिली. मग ती म्हणाली, "काही नाही."

"पाह्य, येते का नाई मराठी," मी म्हटलं. आणि मला आनंद झाला. हे लिहिताना हात जड होतो, पण झाला.

आत्ता ती पलीकडे बसून गणितं सोडवते आहे. पेन्सिल चावायची सवय अजून गेलेली नाही. मधूनच काहीतरी पुटपुटते, हिंदीत. मी कान देऊन ऐकते. ऐकण्यासारखं काही नसतं, पाढे असतात. तरी ऐकते.

डिसेंबरात सहामाही परीक्षा संपली त्या दिवशी बिसाहिननं प्रज्ञाला सोडलं आणि स्वतः रिक्षातून उतरून दारापर्यंत आली. मी बोट ओठांवर ठेवून बाहेर गेले. ती म्हणाली, "काली नोनी ल लेगे बर नइ आवंव बहिनी. गाड़ी के बैटरी बइठ गे हे." नोनी म्हणजे मुलगी. उद्या न्यायला जमणार नाही, बॅटरी बसली आहे, इतकंच सांगायचं होतं तिला. मी बरं म्हटलं. जाता जाता तिनं मागं वळून म्हटलं, "तोर हाथ के चना भाजी अब्बड़ मिठाथे."

माझ्या हातच्या हरभऱ्याच्या भाजीची चव हिला कशी माहीत? मी विचारलं. बिसाहिन मोकळेपणानं हसली. अगं, रोज तर आम्ही दोघी मिळून खातो. बाकीची पोरं उतरली की नोनी डबा उघडते, मी झाडाखाली गाडी लावते. शाळेत कुठं खाते ती. आणि मग ती म्हणाली, "अब्बड़ गोठियाथे तोर नोनी. रद्दा भर गोठियाथे."

फार बोलते तुझी मुलगी. रस्ताभर बोलते.

बिसाहिनला वाटलं, मला माहीत आहे. आईला माहीत नसेल असं तिच्या मनातही आलं नाही. मी तिला काही विचारलं नाही. माझ्या मुलीला शाळेत काय होतं ते रिक्षावालीकडून ऐकायचं, एवढा कमीपणा मला सोसवेना. खरं तर तो कमीपणा मी स्वतःच कमावलेला होता.

मी आत आले. प्रज्ञा ओट्याजवळ डबा धूत होती, आवाज होऊ नये म्हणून नळाची धार बारीक करून. मी तिच्या शेजारी उभी राहिले.

"डबा कुठं खाते तू?"

"शाळेत," ती म्हणाली.

"कोनासोबत?"

"मैत्रिणींसोबत."

"शाळा कशी हाय?"

"शाळा छान आहे. माझ्या मैत्रिणी चांगल्या आहेत. बाई चांगलं शिकवतात."

एक अक्षर चुकलं नव्हतं. तिसरीच्या पुस्तकातल्या निबंधासारखी वाक्यं, जी मीच तिच्याकडून गिरवून घेतली होती. आणि त्या क्षणी मला कळलं की माझ्या भाषेत माझ्या मुलीला फक्त खोटं बोलता येतं. खरं बोलायचे शब्द तिच्याजवळ होते, ते सगळे हिंदीत होते, आणि हिंदीच्या दारात मी बहिरी होऊन बसले होते.

आणि खोटं तरी ती शिकली कुठं? दर रविवारी मी आईला पवनीला फोन लावते. चौदा वर्षं लावते आहे. "बरं हाय नं तुयं?" "बरं हाय आई, सगळं बरं हाय." रात्रपाळी सांगितली नाही, धूळ सांगितली नाही, दुपारी दोनला छातीवर काय बसतं ते तर नाहीच. पोरगी शेजारी बसून ऐकत होती. मराठी ही सगळं बरं आहे असं सांगायची भाषा आहे, असं तिला वाटलं असेल तर त्यात तिची काय चूक?

मी तिच्या हातातून डबा घेतला. "हिंदी में बता," मी म्हटलं.

तिनं आधी माझ्याकडे संशयानं पाहिलं, मग आतल्या खोलीच्या पडद्याकडे. "पप्पा झोपले आहेत," ती म्हणाली. अजून मराठीतच.

"उठू दे. तू बता."

मग ती बोलली. आधी तोंडातल्या तोंडात, मग आवाज चढत गेला. "वो लोग मेरे को कोयला बोलते हैं. मेरी शर्ट पे काला-काला रहता है न, इसलिए. मेरी बेंच पे कोई नहीं बैठता. बोलते हैं, छू देगी तो काला हो जाएगा. टिफिन खोलती हूँ तो बोलते हैं, इसमें भी कोयला होगा." ती रडत नव्हती, तेच वाईट होतं. महिन्याभराचं पाठ झालेलं ती म्हणून दाखवत होती. "मैं तो बताने आई थी. तेरे को सुनाई ही नहीं देता था."

‘छू देगी’ हा शब्द आमच्या घराण्यानं फार वर्षांपूर्वी मागं टाकला, अशी माझी समजूत होती. तो माझ्या मुलीच्या बाकावर येऊन बसला होता, दिवाळीपासून, आणि मी तिच्या क्रियापदांवर खूश होते.

पडदा हलला. हे उठून आले होते. तांबारलेले डोळे, विस्कटलेले केस, अंगावर चादर तशीच. किती वेळ उभे होते कोण जाणे. मला वाटलं, विचारतील कोण पोरगी, कुठली, नाव सांग. त्यांनी स्वतःचे दोन्ही हात पुढं धरून पाहिले आणि हळूच म्हणाले, "मी तं रोज दोन दोन वेळा आंघोळ करतो." एवढंच. प्रज्ञा पप्पांना जाऊन बिलगली. त्या दिवशी आमच्या घरातले दोन्ही नियम एकदम मोडले.

पुढं काय झालं असं कुणी विचारलं तर मोठंसं काही सांगता येत नाही. आम्ही दोघं शाळेत गेलो. वर्गशिक्षिका चांगल्या होत्या. त्यांनी वर्गाला समज दिली, बाकांची अदलाबदल केली. पंधरा दिवस सगळं नीट चाललं, मग पुन्हा थोडं सुरू झालं, मग होळीच्या आसपास आपोआप ओसरलं. एक मुलगी तिच्याजवळ बसू लागली, बोलू लागली. घर आम्हाला बदलता आलं नाही. मिल तिथं घर. धूळही तिथंच आहे. मी शर्ट आता दोनदा धुते आणि उशीच्या अभ्र्यात घालून वाळवते, एवढीच काय ती सुधारणा.

आणि मराठी गेली. हेही सांगितलं पाहिजे. नियम उठला तसं तिचं ‘आई’ म्हणणं गेलं, मी पुन्हा मम्मी झाले. वाहत्या पाण्याला उतार दिसला की ते कुणाचं ऐकत नाही. पवनीहून आणलेली पुस्तकं माळ्यावर आहेत. यांची खिचडी सोडली तर आता या घरात मराठी बोलणारी मी एकटीच. मी मराठीत विचारते, ती हिंदीत सांगते, आणि आम्ही दोघी एकमेकींना समजतो. पण कधीकधी रस्त्यानं जाताना कुणा अनोळखी बाईच्या तोंडून ‘काहून’ ऐकू आलं की मी चार पावलं तिच्या मागं चालत जाते. काही बोलायचं नसतं. सोडवत नाही इतकंच. आईला फोनवर हे अजूनही सांगितलेलं नाही.

बदल्यात मिळालं ते हे, की प्रज्ञा शाळेचं सांगते. आता आठवीत आहे. सगळं सांगते असं नाही. पण सांगते, आणि मी मध्ये बोलत नाही. हे मध्ये न बोलणं किती कठीण असतं, ते त्या सोफ्यावरच्या बाईनं सांगितलं नव्हतं. बहिरं होणं सोपं होतं. ऐकत बसणं म्हणजे तोंडात गरम बटाटा धरून बसणं, गिळताही येत नाही, थुंकताही येत नाही.

परवाचीच गोष्ट. यांची पुन्हा रात्रपाळी आहे. खिडक्या नुकत्याच बंद केलेल्या. मी फॉल लावत बसले होते, ती येऊन शेजारी टेकली. बराच वेळ साडीच्या काठाशी चाळा करत होती.

"मम्मी, एक बात बोलूँ? डाँटेगी तो नहीं?"

"बोल."

"हमारी क्लास में एक नई लड़की आई है. अभनपुर तरफ की. मुँह से छत्तीसगढ़ी निकल जाती है उसके, तो सब हँसते हैं. आज मैम ने उसको मेरी बेंच पे बिठाया." काठ बोटाला गुंडाळत म्हणाली, "मैं उठ के दूसरी जगह चली गई."

सुई माझ्या बोटात घुसली. रक्त आलं की नाही, पाहिलं नाही. डोक्यात एकदम जाळ झाला. ही? माझी मुलगी? जिनं दिवाळीपासून नाताळापर्यंत एकटीनं बाक धरला, ती उठून गेली? जी बिसाहिनशी रोज रस्ताभर त्याच छत्तीसगढीत गप्पा मारते, ती? जिभेच्या टोकावर इतकं काही आलं की बोलले असते तर आतला माणूस उठून बसला असता.

आणि त्याच वेळी कळत होतं की आज बोलले तर उद्या ही सांगणार नाही. दुसऱ्यांनी आपल्याला दुखावलं ते सांगायला धीर लागतो, पण आपण दुसऱ्याला दुखावलं हे आईजवळ येऊन सांगायला किती लागत असेल? ते तिनं आणून माझ्यासमोर ठेवलं होतं. रागावले तर हे दार बंद. नाही रागावले तर तिकडे ती पोरगी एकटी बसलेली, तिचीही आई कुठंतरी डबा भरत असेल. दोन्हीकडून माझी कोंडी. अशी कोंडी मागच्या हिवाळ्यातही नव्हती. तेव्हा निदान मला काही ठाऊक नव्हतं.

मी मोठा श्वास घेतला. "फिर?" मी विचारलं.

"फिर कुछ नहीं. वो अकेली बैठी रही." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "बाकी लोग मेरे को भी फिर से बोलने लगते, मम्मी. इसलिए उठ गई."

तिची भीती खोटी नव्हती.

"नाव काय तिचं?" मी मराठीतच विचारलं.

प्रज्ञा विचारात पडली. "मालूम नहीं. मैम नंबर से हाज़िरी लेती हैं. पैंतालीस नंबर है."

"किती दिवस झाले तिले येऊन?"

"आठ-दस दिन."

"उद्या नाव विचारून ये," मी म्हटलं. बाकीचं सगळं गिळलं. एवढंच बोलून मी पुन्हा टाके घालायला लागले, आणि ते सगळे वाकडे गेले. ती उठून अभ्यासाला गेली. मी बरोबर केलं की चूक, हे मला त्या दिवशी कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर अजूनही खात्री नाही.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला दार वाजलं. ती पाठीवरचं दप्तर न काढता आत आली आणि पडद्यामागं कोणी झोपलंय याची पर्वा न करता म्हणाली, "दुलेश्वरी. उसका नाम दुलेश्वरी है, मम्मी."

ती खाली बसली, बुटाची लेस सोडू लागली.

"बोली, इतने दिन में किसी ने पूछा ही नहीं था," ती लेसकडे पाहत म्हणाली. लेसला गाठ बसली होती, ती नखानं सोडवत राहिली. "मैंने भी नहीं."